मस्तुलुंग पाहिल्यावाचून : खान्देशातील शारीर-अध्यापनासंबंधी काही विचार

चोपडा, शिरपूर, शिंदखेडा वा पारोळा अशा एखाद्या तालुक्याच्या गावी नव्याने चिकित्सालय थाटणाऱ्या आयुर्वेद पदवीधराकडे पहिल्या काही महिन्यांतच तीन प्रकारचे रुग्ण येतात. एकाचे तोंड सकाळी उठल्यावर वाकडे झालेले असते. दुसऱ्याच्या अंगावरून वारे गेलेले असते आणि घरच्या मंडळींनी त्याला बाजेसकट आणलेले असते. तिसरा कमरेपासून टाचेपर्यंत ठणकणारा पाय धरून लंगडत येतो. अर्दित, पक्षाघात व गृध्रसी ही नावे त्या तरुण वैद्याला मुखोद्गत असतात, त्यांची संप्राप्ती तो सांगू शकतो आणि चिकित्सासूत्रही त्याला अवगत असते. परंतु या तिन्ही व्याधींचे अधिष्ठान ज्या अवयवांत आहे, ते मस्तिष्क आणि सुषुम्ना, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू, त्याने प्रथम वर्षात आपल्या हातांनी किती हाताळले होते, हा प्रश्न आम्ही अनेक नवोदित वैद्यांना विचारला आहे. बरणीत पाहिले होते, तक्त्यावर पाहिले होते, प्लास्टिकची प्रतिकृती उघडून पुन्हा जुळविली होती, अशी उत्तरे बहुधा मिळतात. 'कवटी उघडताना मी टेबलाशी उभा होतो', असे सांगणारे थोडे.

आमच्या त्रैमासिकात निघंटू, रसशास्त्र, पंचकर्म यांवर विपुल लेखन होते; शारीरावर मात्र क्वचितच होते. हा विषय पहिल्या वर्षाचा, परीक्षा दिली की संपला, अशी समजूत त्यामागे असावी. वास्तविक ज्याला आपण वातव्याधी म्हणतो त्या अध्यायातील निम्मी चिकित्सा शारीराच्या त्या एका भागावर उभी आहे.

खान्देशात या शिक्षणाची परिस्थिती गेल्या चार दशकांत बरीच बदलली. धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली सुरू झाले. जळगावला डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालय २००७ साली आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली आले. आयुर्वेदाची महाविद्यालये धुळ्यात देवपूर येथे आणि भुसावळजवळ साकेगाव येथे आहेत. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून ही सर्व विद्यालये एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. म्हणजे धुळे-जळगाव या सुमारे ९० किलोमीटरच्या रस्त्यावर शवविच्छेदनगृहे आहेत, अध्यापक आहेत आणि विद्यार्थीही आहेत. उणीव आहे ती देहांची, आणि त्याहून अधिक उणीव आहे ती मस्तिष्काला द्यावयाच्या वेळेची. हात-पाय, उदर, उर या क्रमाने विच्छेदन पुढे सरकते आणि शिरापर्यंत येईतो सत्र संपत आलेले असते. हा अनुभव एखाद्या विशिष्ट संस्थेचा नव्हे. शारीर शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकास तो परिचित आहे.

सुश्रुताची पद्धती आणि तिची मर्यादा

शवविच्छेदनाची परंपरा आमचीच, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते यथार्थ आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील पाचव्या अध्यायात शव कसे निवडावे याचा स्पष्ट विधी आहे. सर्व अवयव असलेला, विषाने न मेलेला, दीर्घ व्याधीने न झिजलेला, शंभर वर्षांचा नसलेला देह घ्यावा. आतड्यांतील मळ काढावा. मुंज, वल्कल, कुश, ताग यांपैकी कशाने तरी तो गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा व वाहत्या पाण्यात आडोशाच्या जागी कुजू द्यावा. सात रात्रींनंतर तो बाहेर काढून वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंचीने हळूहळू घासावा आणि त्वचेपासून आतपर्यंतचे एकेक अंग डोळ्यांनी पाहावे. शास्त्र वाचून झाले तरी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ज्ञान पुरे होत नाही, हा आग्रह त्या काळच्या जगातील कोणत्याही वैद्यकग्रंथाशेजारी ठेवावा असा आहे.

तथापि या पद्धतीत काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार आपण फारसा करीत नाही. पाण्यात सात रात्री राहिलेल्या देहाची त्वचा थराथराने सुटते, पेशी वेगळ्या होतात, स्नायू व संधी उघडे पडतात, अस्थी स्वच्छ होतात. म्हणूनच सुश्रुताने सात त्वचा, पाचशे पेशी, नऊशे स्नायू, दोनशे दहा संधी, तीनशे अस्थी असा तपशील दिला. मस्तिष्काचे मात्र तसे नाही. मृत्यूनंतर सर्वांत आधी मऊ पडून विरघळू लागणाऱ्या अवयवांत त्याची गणना होते. सात रात्रींनंतर कवटीत जे उरेल त्यात ना वळ्या दिसतील, ना पोकळ्या, ना नाड्यांचे उगम. टीकाकारांनी मस्तुलुंगाला न वितळलेल्या तुपाची उपमा दिली आहे. ताजा मेंदू ज्याने हातात घेतला त्याला ती उपमा किती नेमकी आहे ते कळेल. पण तुपाच्या गोळ्यात रचना शोधता येत नाही.

आमच्या मते संहितेत हृदयाचे, बस्तीचे आणि मर्मांचे वर्णन जितके सविस्तर आहे तितके मस्तिष्काचे नाही, यामागे प्रतिभेची उणीव नसून जतन करण्याच्या साधनाची उणीव आहे. चरकाने शिराला उत्तमांग म्हटले आणि हृदय व बस्ती यांसह त्रिमर्मांत गणले. भेलसंहितेने मनाचे स्थान शिर व टाळू यांच्या दरम्यान सांगितले. दिशा योग्य होती. पाहण्याचे साधन नव्हते. युरोपातही सतराव्या शतकापर्यंत फारशी वेगळी स्थिती नव्हती. थॉमस विलिस याचा मेंदूवरील ग्रंथ १६६४ साली निघाला, तो मद्यार्कात मेंदू घट्ट करण्याची युक्ती साधल्यानंतर. १८९३ साली फर्डिनंड ब्लूम याने फॉर्मॅलिनचा गुण ओळखला आणि त्यानंतर कोणत्याही गावच्या महाविद्यालयात मेंदूचे काप पावासारखे काढता येऊ लागले. तेव्हा जे सुश्रुताला पाहता आले नाही ते आपल्या विद्यार्थ्यास पाहता येते. ते न दाखविणे म्हणजे सुश्रुताच्याच आग्रहाकडे पाठ फिरविणे होय.

या मार्गावर प्रथम पाऊल टाकणाराही एक वैद्यच होता. संस्कृत महाविद्यालयात आयुर्वेद शिकविणारे पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात स्वहस्ते शवविच्छेदन केले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, म्हणजे त्यानंतरचे. पुढे विसाव्या शतकात कविराज गणनाथ सेन यांनी 'प्रत्यक्षशारीरम्' हा ग्रंथ संस्कृतात लिहिला आणि पाहिलेले ते लिहावे हा दंडक पुन्हा घातला. गणनाथ सेन यांचे नाव लेखाच्या उत्तरार्धात आणखी एका कारणाने येईल.

शब्दांचा घोळ

विद्यार्थ्याची पहिली अडचण शवाच्या टेबलापाशी नसते. ती शब्दांत असते. आपल्या भागातील बहुसंख्य मुले मराठी माध्यमातून आलेली असतात. शाळेत ती शिकतात की पेशी म्हणजे शरीराचा सर्वांत लहान घटक, स्नायू म्हणजे दंडात फुगतो तो, मज्जासंस्था म्हणजे मेंदू व त्याच्या तारा, धमनी शुद्ध रक्त नेते आणि शिरा अशुद्ध. आयुर्वेद महाविद्यालयाच्या पहिल्याच महिन्यात हे सर्व उलटेपालटे होते. पेशी म्हणजे आता दंडात फुगणारे मांस. स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारा तंतुमय बंध. मज्जा म्हणजे हाडातील धातू, सहावा. धमन्या चोवीस, त्या नाभीशी जोडलेल्या, आणि त्यांतील वर जाणाऱ्या दहा धमन्या शब्द, रूप, रस, गंध वाहतात. नाडी हा शब्द तर चार ठिकाणी चार अर्थांनी भेटतो : मनगटाला पाहावयाची ती, योगात इडा-पिंगला म्हणून येणारी, नाडीव्रणातील नळीसारखी, आणि हिंदी शारीरग्रंथांत चक्क मज्जातंतू या अर्थाने. त्यावर इंग्रजी नर्व्ह, टेंडन, लिगामेंट, मसल यांची रास येऊन पडते.

तोंडी परीक्षेत 'स्नायू दाखव' म्हटल्यावर विद्यार्थी शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहतो. संहितेचे शिक्षक विचारत आहेत की आधुनिक विषयाचे, हे त्याला आधी ठरवावे लागते. हसण्यावारी नेण्याचा हा विषय नाही. 'मज्जागत वात' आणि 'मज्जातंतूंचा विकार' यांचा घोटाळा पुढे चिठ्ठीवरही उतरतो, आणि औषध विक्रेत्याला तो निस्तरावा लागतो. पंडित दामोदर शर्मा गौड यांनी शारीर संज्ञांचे अर्थ निश्चित करण्यासाठी 'पारिषद्यं शब्दार्थशारीरम्' सिद्ध केले, त्यामागची तळमळ हीच होती. आमची सूचना साधी आहे. पहिल्या आठवड्यात अध्यापकाने तीन स्तंभांचा तक्ता फळ्यावर काढावा. एका स्तंभात शाळेतील मराठी शब्द, दुसऱ्यात संहितेतील, तिसऱ्यात इंग्रजी. कोणता शब्द कोणाशी जुळतो, आणि कोणता कोणाशीच पूर्णपणे जुळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे. सुश्रुताची धमनी म्हणजे आधुनिक नर्व्हच, असे ठोकून देणे सोपे असते. पण विद्यार्थी दुसऱ्या वर्षी ते खोटे ठरवितो आणि मग उरलेल्या संहितेवरचाही त्याचा विश्वास डळमळतो.

कवटी उघडल्यानंतर

मेंदू शिकविण्यास फार मोठी सामग्री लागत नाही, वेळ आणि हात लागतात. रक्तवाहिनीतून फॉर्मॅलिन भरलेल्या देहाची कवटी गोलाकार करवतून टोपीसारखी उचलली जाते. ड्यूरा हे जाड आवरण कापल्यावर मेंदू पुढून अलगद मागे उचलीत एकेक नाडी तोडावी लागते. गंधाची, दृष्टीची, डोळा फिरविणारी, चेहऱ्याची, गिळण्याची, अशा बारा जोड्या. ज्या विद्यार्थ्याने त्या कापताना पाहिल्या त्याला त्यांचा क्रम पाठ करावा लागत नाही. लहान मेंदूवरचा पडदा कापून, मज्जारज्जू खाली छेदून मेंदू बाहेर येतो. मग त्याच्या तळाशी असलेल्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून तो फॉर्मॅलिनच्या बादलीत उलटा टांगून ठेवतात. बुडाला टेकला तर तो बसका होतो, म्हणून हा दोरा. दोनएक आठवड्यांनी तो कापण्याजोगा घट्ट होतो. सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा हा अवयव जिवंतपणी सुमारे १५० मिलिलिटर द्रवात तरंगत असल्यामुळे जेमतेम ५० ग्रॅमइतका भासतो, हे येथेच सांगावे. मग डोक्यावर आघात झाला असता मेंदू आतल्या आत का आदळतो ते समजते.

कापांमध्ये दाखवावयाचे पुष्कळ आहे. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने तीन जागा अत्यावश्यक आहेत. पहिली इंटर्नल कॅप्सूल. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघालेले आज्ञावाहक तंतू येथे अंगठ्याएवढ्या जागेत एकवटतात. या भागाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बारीक असून वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाने त्याच फुटतात वा बंद होतात. एवढ्याशा जागेतील बिघाडाने अर्धे अंग का जाते, हे विद्यार्थ्यास एका कापात पटते. दुसरी जागा लंबमज्जेच्या तळाशी, जेथे या तंतूंपैकी बहुतांश तंतू बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूतील विकार उजव्या हातापायात प्रकटतो, आणि बहुतेकांची वाणी डाव्या बाजूस असल्याने उजवे अंग गेलेल्याचे बोलणेही जाते. तिसरी मध्यमस्तिष्कातील काळसर पट्टी, सब्स्टान्शिया नायग्रा. ती नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि कंपवाताच्या रुग्णात ती फिकट पडलेली असते.

शंख मर्माचे उदाहरण याच टेबलाशी द्यावे. सुश्रुताने शंखाला अस्थिमर्म म्हटले असून ते सद्यःप्राणहर मर्मांत घातले आहे. कवटीचा तो भाग प्रकाशासमोर धरला की हाड किती पातळ आहे ते कळते, आणि आतल्या बाजूस मिडल मेनिंजिअल धमनीची पन्हळ कोरलेली दिसते. तेथे मार बसून ही धमनी फाटली तर रक्त हाड व आवरण यांच्यामध्ये साचते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. हेल्मेटशिवाय पडलेला दुचाकीस्वार आपल्यापैकी अनेकांच्या ओट्यावर बसलेला आहे. तो उठतो, बोलतो, चहा पितो आणि दोन-तीन तासांनी बेशुद्ध पडतो. मधला हा शुद्धीचा काळ फसवा असतो. ज्याने ती पन्हळ बोटाने चाचपली आहे तो वैद्य अशा रुग्णास टाके घालून घरी पाठविणार नाही.

आता त्या पहिल्या तीन रुग्णांकडे वळू. अर्दिताच्या व्याख्येत संहितांचे मतभेद आहेत. चरकाच्या मते अर्दितात मुखार्धासह शरीरार्धही ग्रस्त होऊ शकते, सुश्रुत ते मुखापुरते मर्यादित ठेवतो. नाडीशास्त्राने हा वाद रुग्णाच्या कपाळावर सोडविता येतो. कपाळाच्या पेशींना दोन्ही बाजूंच्या मेंदूतून आज्ञा येतात, गालाच्या पेशींना मुख्यतः विरुद्ध बाजूने. म्हणून रुग्णास भुवया उंचावण्यास सांगावे. कपाळावर आठ्या पडत नाहीत आणि डोळाही मिटत नाही, तर बिघाड बहुधा मेंदूबाहेरील नाडीत आहे. डोळा जपावा आणि उपचार लवकर सुरू करावेत. आठ्या दोन्हीकडे सारख्या पडतात आणि केवळ ओठाचा कोपरा लोंबतो, तर दोष मेंदूत आहे असे धरून चालावे आणि हात व वाणी लगेच तपासावी.

कारण पक्षाघातात घड्याळ फार महत्त्वाचे आहे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तत्पूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. निवडक रुग्णांत यांत्रिकरीत्या गुठळी काढण्याची मुदत याहून मोठी असते. पण ती सोय सर्वत्र नाही. शिरपूर ते धुळे सुमारे ५० किलोमीटर. सातपुड्याच्या पाड्यावरून शिरपूरला येण्यास लागणारा वेळ निराळा. या साडेचार तासांतील पहिला अर्धा तास बहुधा आपल्यासमोर जातो. त्या वेळात शेवटचे नीट केव्हा बोलला हे विचारून लिहून द्यावे, साखर तपासावी, १०८ ला फोन करावा. गिळता येते की नाही हे पाहिल्याशिवाय काढा, भस्म, मध, पाणी यांपैकी काहीही तोंडात घालू नये. फुप्फुसात गेले तर रुग्ण न्यूमोनियाने जातो. ॲस्पिरिनही स्कॅनआधी देऊ नये. स्नेहन, स्वेदन, बस्ती यांचा काळ नंतरचा आहे, आणि त्या काळात आपले काम मोठे आहे.

गृध्रसीबाबत एकच सांगतो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याजवळ संपतो आणि त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नाड्यांचा झुबका उरतो. कंबरदुखीच्या रुग्णाची लघवी अडली वा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर तो कटिबस्तीचा रुग्ण राहिलेला नाही. त्याच दिवशी शल्यतज्ज्ञाकडे गेला पाहिजे. ढुंगणावर सुई देताना वरचा व बाहेरचा चतुर्थांश का निवडावा, हेही या नाडीचा मार्ग पाहिलेल्यास सांगावे लागत नाही.

औषधालयांच्या चालकांसाठी

हा सर्व विषय वैद्यांचा, आपला नव्हे, असे आमच्या औषधनिर्मात्या वाचकांनी समजू नये. नाडीसंस्थेवर थेट काम करणारी द्रव्ये आपल्या फडताळात रोज असतात. वत्सनाभातील ॲकोनिटीन मज्जातंतूंच्या व हृदयाच्या पेशींवरील सोडियमची दारे उघडीच ठेवते; म्हणून तोंडात मुंग्या, बधिरपणा आणि पुढे हृदयाचा ताल बिघडणे. त्रिभुवनकीर्तीसारख्या कल्पात त्याचे शोधन किती काटेकोर असावे, याचे उत्तर येथे आहे. कुचल्यातील स्ट्रिक्निन मज्जारज्जूत ग्लायसीन या आवर घालणाऱ्या द्रव्याचा मार्ग अडविते. आवर सुटला की स्पर्शाने, आवाजाने आक्षेप येतात आणि रुग्ण मात्र शुद्धीवर असतो. धनुर्वाताचे विषही याच आवरावर घाला घालते. दोन्ही चित्रे इतकी सारखी का दिसतात, ते यावरून स्पष्ट व्हावे. ही दोन्ही द्रव्ये औषध नियमावलीच्या परिशिष्ट ई-१ मध्ये आहेत आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना वेष्टनावर बंधनकारक आहे. ती सूचना केवळ निरीक्षकासाठी छापलेली नसते.

कपिकच्छूच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे केल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा कंपवातात मेंदूतील डोपामिन घटते हे कोणास ठाऊक नव्हते. ते १९६० साली कळले. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरते. कंपवाताचे ॲलोपॅथिक औषध आधीपासून घेणाऱ्याने काउंटरवर कपिकच्छू चूर्ण मागितले तर दोहोंत तेच द्रव्य असल्याने मात्रा वाढते, हे सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. आणि सर्पगंधा. 'प्रत्यक्षशारीरम्' लिहिणाऱ्या त्याच गणनाथ सेन यांनी कार्तिकचंद्र बोस यांच्यासह १९३१ साली उन्माद व रक्तदाब यांत सर्पगंधेचा उपयोग मांडला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केल्यावर जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली रिसर्पिन वेगळे झाले आणि ते मेंदूतील सेरोटोनिन व तत्सम द्रव्यांचे साठे रिकामे करते असे आढळल्यावर मनोविकारांच्या आधुनिक औषधशास्त्रास चालना मिळाली. शव उघडून पाहणाऱ्या वैद्यालाच हे द्रव्य नव्या दृष्टीने दिसावे, यात आम्हांस मोठा योगायोग वाटत नाही.

प्रतिकृती, पडदा आणि देह

हल्ली मेंदू संगणकाच्या पडद्यावर फिरविता येतो, कापता येतो, रंगविता येतो. आम्ही त्याच्या विरोधात नाही. सुश्रुताने स्वतः शस्त्रकर्माचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर आणि पट्ट्या बांधण्याचा सराव कापडी पुतळ्यावर करण्यास सांगितले आहे. तेव्हा प्रतिकृतीला आमच्या शास्त्राची मान्यताच आहे. पण तोच सुश्रुत शारीराच्या ज्ञानासाठी पुतळ्यावर थांबला नाही. २०२० साली कोविडच्या साथीत देह स्वीकारणे थांबले आणि त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी शारीर पडद्यावर पाहिले. पडद्यावरील मेंदू सर्वांचा सारखाच असतो. टेबलावरील एकाच्या धमनीत कठीण थर असतो, एकाचा मेंदू वार्धक्याने आकसलेला, एकाच्या कापात जुन्या पक्षाघाताचा पोकळ डाग. निसर्गाचे हे वैविध्य हाताला लागल्यावाचून वैद्य तयार होत नाही.

त्याच २०२० सालच्या नोव्हेंबरमध्ये शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शिकावयाच्या ५८ शस्त्रकर्मांची यादी अधिसूचित झाली आणि तिच्याविरुद्ध आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने देशव्यापी बंद पाळला. त्या वादात आमचे मत सर्वांस ठाऊक आहे; येथे पुन्हा मांडत नाही. मात्र 'तुमच्या विद्यार्थ्याने किती देह पाहिले?' या प्रतिपक्षाच्या प्रश्नाला घोषणांनी उत्तर देता येत नाही, हे आपसात तरी मान्य करावे. प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम अठरा महिन्यांचा आहे. शिर आरंभीच घेतले, हातपाय नंतर घेतले, तर निदान मस्तिष्क सुटणार नाही. काही जुने अध्यापक यास क्रमभंग म्हणतील. आमचा त्यास इलाज नाही.

देह कोठून येणार, हा प्रश्न उरतो. १९४९ चा मुंबई ॲनॅटॉमी ॲक्ट, जो आता महाराष्ट्र ॲनॅटॉमी ॲक्ट म्हणून ओळखला जातो, बेवारस व दान केलेले असे दोन्ही प्रकारचे देह शिक्षणासाठी देण्याची तरतूद करतो. बेवारस देहांवर शिक्षण चालविणे कोणासही भूषणावह नाही. देहदानाबाबत खेड्यातील कुटुंब ज्याचे ऐकते तो माणूस म्हणजे त्यांचा वैद्य. दधीचींची कथा सर्वांना ठाऊक असते; अडचण येते ती मृत्यूच्या रात्री. अर्ज भरलेला असतो, पण तो मुलाला ठाऊक नसतो. म्हणून अर्जावर सही करताना मुलगा, मुलगी, सून समोर असावेत, कारण मृत्यूनंतर प्रत्यक्ष संमती त्यांचीच लागते. अपघात, विषबाधा वा अन्य पोलीस प्रकरणात शवविच्छेदन झालेला देह, काही संसर्गजन्य रोगांनी गेलेल्याचा देह स्वीकारला जात नाही, हे आधीच सांगावे, म्हणजे ऐनवेळी अपमान वाटत नाही. नेत्रदान केले तरी देहदान करता येते. नेत्र सहा तासांच्या आत काढावे लागतात. और्ध्वदेहिकाविषयी विचारणा झाली तर देह हाती नसता करावयाचा पालाशविधी धर्मशास्त्रात आहे, याची आठवण द्यावी. पुढचा निर्णय कुटुंबाचा.

जवळच्या महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाचा दूरध्वनी क्रमांक आपल्या टेबलाच्या काचेखाली असावा आणि मृत्यूचा दाखला ताबडतोब लिहून द्यावा. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नातलग मुंबई-पुण्याहून येईपर्यंत देह बारा तास घरात राहिला तर हातपाय, उदर, उर शिकण्यास उपयोगी पडतील. मेंदू पडणार नाही. कुटुंबाला वेळ हवा असेल तर बर्फाची वा शीतपेटीची सोय करून, डोके प्रथम थंड राहील असे पाहावे आणि विभागाला तेवढा निरोप आगाऊ द्यावा.